काशीचं मद्य आणि ओव्हर्टनचं तेल

शस्त्रक्रियेआधी भूल देण्याचा पहिला मान भारताचा, असं सांगताना दोन दाखले हमखास दिले जातात आणि दोन्हींची नाळ काशीशी जुळते. एक सुश्रुतसंहितेचा. काशीराज दिवोदास धन्वंतरीने सुश्रुतादी शिष्यांना शिकवलेलं शल्यतंत्र, अशीच त्या ग्रंथाची मांडणी आहे. दुसरा ‘भोजप्रबंधा’तला. तिथे ब्राह्मणवेशात आलेले अश्विनीकुमार भोजराजाला गुंगीचं चूर्ण देतात, कवटी उघडतात, शिवतात आणि राजाला शुद्धीवर आणतात. त्या चूर्णालाच आज सगळे संमोहिनी म्हणतात आणि भाषणांत भाव खाऊन जाते तीच. माझ्या मते भुलीच्या कुळात संमोहिनीला जागाच नाही. ती जागा मद्याची आहे.

संमोहिनीचा निकाल चटकन लागतो. भोज अकराव्या शतकातला. ग्रंथकर्ता बल्लाळ काशीचा, सोळाव्या शतकाच्या अखेरचा. भोजाच्या दरबारात तो कालिदासालाही बसवतो आणि भवभूतीलाही. राजाच्या कवटीतून तर चक्क मासे निघतात! चूर्णात काय होतं, ते मात्र तो सांगत नाही. सुश्रुताचं तसं नाही. सूत्रस्थानाचा सतरावा अध्याय म्हणतो, शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला आवडीचं जेवण द्यावं. जो पिणारा आहे आणि ज्याला वेदना सोसत नाही, त्याला तीक्ष्ण मद्य पाजावं. पोटात अन्न असल्याने तो मूर्च्छित होत नाही, नशेत असल्याने त्याला शस्त्र कळत नाही. मूतखडा, मूळव्याध, भगंदर अशा व्याधींत मात्र उपाशीपोटीच शस्त्र चालवायचं. असे बारकावे करून पाहिलेल्यालाच सुचतात.

पण नशा म्हणजे भूल का? इथे मदतीला येतो ओव्हर्टन. 1846 मध्ये बोस्टनला मॉर्टनने ईथर दिलं, पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आलं, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. 1899 मध्ये मार्बुर्गच्या हान्स मायरने आणि 1901 मध्ये झुरिकच्या चार्ल्स ओव्हर्टनने स्वतंत्रपणे एक विलक्षण नियम मांडला: जो पदार्थ पाण्यापेक्षा ऑलिव्ह तेलात जितका जास्त विरघळतो, तितक्या कमी मात्रेत तो भूल देतो. ओव्हर्टन बेडकाची शेपटीवाली पिल्लं औषधाच्या पाण्यात सोडायचा, कोणत्या मात्रेला ती निपचित पडतात ते टिपायचा, आणि स्वच्छ पाण्यात घातली की ती पुन्हा पोहू लागायची. पेशीचं पटल मेदासारखं असतं, असं त्यानेच आधी सुचवलं होतं. म्हणजे भूल पटलात मुरते. या हिशेबात मद्यार्क ईथर-क्लोरोफॉर्मच्याच रेषेवर बसतो, फक्त दुबळ्या टोकाला: पिल्लं थांबवायला लिटरभर पाण्यात सुमारे 9 ग्रॅम लागतो. काशीचं मद्य आणि बोस्टनचं ईथर सख्खे भाऊबंद ठरतात ते असे.

यावर भूलतज्ज्ञ म्हणतील, मद्य ही वाईट भूल. पूर्ण बेशुद्धी आणि श्वास बंद पडणं यांत अंतर फार थोडं. मान्य. म्हणूनच मूतखड्याच्या रोग्याला बळकट माणसाच्या मांडीवर टेकवून बांधायला सुश्रुत सांगतो. दुसरा आक्षेप अधिक जड आहे, कारण तो तेलाच्या नियमावरच घाव घालतो. मद्यार्काची साखळी लांबवत नेली की तेलात विरघळणं वाढतच जातं, पण बारा-तेरा कार्बननंतर भूलच पडत नाही. 1984 मध्ये लंडनच्या फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या, मेदाचा अंशही नसलेल्या प्रथिनावर तोच नियम लागू पडतो हे दाखवलं. आयसोफ्लुरेन या भुलीच्या औषधाची, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असावीत अशी दोन रूपं मेदात सारखीच मुरतात, परिणाम मात्र कमी-जास्त. तेव्हा पारडं पटलात रुतलेल्या प्रथिनांकडे, विशेषतः मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाच्या ग्राहींकडे झुकलं, आणि मद्यार्कही त्यांच्यावर काम करतो. म्हणजे तेल हरलं तरी मद्य आणि ईथरचं नातं शाबूत राहतं. शिवाय तेल पुरतं हरलेलंही नाही: 2020 मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या संशोधकांनी भूल पटलातले मेदाचे पुंजके विस्कटते आणि त्यातून प्रथिनांची दारं उघडतात, असा पुरावा मांडला. माझा कौल या मधल्या वाटेला.

यापुढे कुणी संमोहिनीचा दाखला दिला, तर बल्लाळाचं शतक आधी विचारावं आणि मग सूत्रस्थानाचा सतरावा अध्याय त्याच्या हाती ठेवावा.