आधी काय तुटावं? खोल समुद्रातल्या गळाच्या दोरीची सव्वाशे वर्षं

इंदूरच्या एका श्रोत्यांनी विचारलंय, "कर्नलसाहेब, मित्रांबरोबर अंदमानला मासेमारीला जातोय. शंभर पौंडांची ब्रेडेड लाइन घेतोय, म्हणजे तुटायची भीती नाही. आता रीळ कोणतं घेऊ?"

प्रश्न रिळाचा आहे, पण मी अडकलो ते "तुटायची भीती नाही" या शब्दांवर. माझ्या डाव्या हाताची तर्जनी आजही पूर्ण मिटत नाही, आणि त्याचं कारण हेच वाक्य. तेव्हा आज आधी इतिहास सांगतो, रीळ नंतर.

माझं आजोळ मालवणजवळचं. मे महिन्यात मामा आम्हा पोरांना खडकावर गरवायला न्यायचा. रीळ वगैरे काही नाही. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेलं तंगूस, टोकाला शिसं आणि गरी. मोठा मासा लागला की मामा ओरडायचा, "सोड, सोड, हाताला गुंडाळू नको!" दोरी बोटांतून सरकू द्यायची. मासा ओढेल तेवढी द्यायची, दमला की परत घ्यायची. ज्याला आज ड्रॅग म्हणतात, ते म्हणजे मामाचा अंगठा आणि तर्जनी.

रीळ आणि काठीने खोल समुद्रातला मोठा मासा पकडण्याच्या खेळाची कथा बहुतेक जण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या सांता कॅटालिना बेटापासून सुरू करतात. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर नावाचा निसर्गअभ्यासक तिथे मासेमारी करायचा. लोक जाड दोऱ्या टाकून, कसलाही धरबंध न ठेवता मासे ओढून काढतात, हे त्याला पटेना. 1898 साली त्याने काठी-रिळावर 183 पौंडांचा, म्हणजे 83 किलोंचा ट्यूना पकडला आणि त्याच वर्षी तिथे 'ट्यूना क्लब' काढला. क्लबाचा नियम गमतीचा होता. दोरी किती जाड वापरायची यावर वरून मर्यादा! माशाला सुटायची संधी हवी, म्हणून दोरी मुद्दाम कमजोर ठेवायची.

ती दोरी जवसाच्या धाग्याची, लिननची. जितके धागे पिळलेले, तितका तिचा नंबर. ओल्या धाग्यामागे सुमारे तीन पौंड धरायचे. म्हणजे 24 धाग्यांची दोरी सत्तरेक पौंड पेलणार. 'ओल्या' हा शब्द महत्त्वाचा, कारण लिनन भिजलं की जास्त मजबूत होतं. पण तसंच ओलं ठेवलं तर कुजतं. त्यामुळे रोज संध्याकाळी शेकडो यार्ड दोरी रिळावरून काढायची, गोड्या पाण्यात धुवायची, वाळवायची आणि पुन्हा भरायची. आम्ही रायफल साफ करायचो तसंच. एक दिवस आळस केला की दुसऱ्या दिवशी पस्तावायचं.

पण त्या काळी दोरीपेक्षा भयंकर होतं रीळ. माशाने दोरी ओढली की रिळाची मूठ उलटी गरगर फिरायची. हात वेळेवर काढला नाही तर बोटांची हाडं मोडायची. ब्रेक म्हणजे चामड्याचा एक तुकडा, तो अंगठ्याने रिळावर दाबायचा. उपाय काढला विल्यम बॉशेन या कॅटालिनाच्याच गळवाल्याने आणि तो प्रत्यक्षात आणला ब्रुकलिनचा कारागीर ज्युलियस व्हॉम होफ याने. रिळाच्या पोटात चकत्या एकावर एक बसवल्या आणि बाहेर चांदणीच्या आकाराचं चाक दिलं. चाक आवळलं की चकत्या घट्ट होतात. माशाने ओढलं तर रीळ घसरत दोरी सोडतं, मूठ मात्र जागची हलत नाही. 1913 साली बॉशेनने त्यावर साडेतीनशे पौंडांहून मोठा स्वोर्डफिश काढला. काठी-रिळावरचा तो पहिला. मामाचा अंगठा आणि तर्जनी यंत्रात गेली ती तेव्हा.

जाता जाता एक. आज अंदमानात जे मोठे स्पिनिंग रीळ दिसतात, त्यांचं मूळ कापडगिरणीत आहे. 1905 साली ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थने पेटंट घेतलं. बॉबिन स्थिर ठेवायची आणि धागा तिच्या टोकावरून सुटू द्यायचा, एवढीच कल्पना. आपल्या गिरणगावातल्या कोणालाही ती ऐकताक्षणी कळली असती.

मग आलं नायलॉन. ड्यूपाँ कंपनीने ते 1938 मध्ये जाहीर केलं आणि लगेच युद्ध लागल्याने ते पॅराशूटकडे वळलं. युद्धानंतर गळाला आलं, आणि मामाच्या हातातलं तंगूस ते हेच. कुजत नाही, वाळवावं लागत नाही आणि रबरासारखं ताणतं. हे ताणणं नीट लक्षात ठेवा. काठी चुकली, रीळ अडकलं, तरी नायलॉन तो धक्का थोडा पोटात घालतं.

1953 साली पेरूच्या काबो ब्लँको इथे आल्फ्रेड ग्लासेलने 1,560 पौंडांचा, म्हणजे 707 किलोंचा काळा मार्लिन पावणेदोन तासांत काढला. तो विक्रम आजही मोडलेला नाही. आजची ब्रेडेड लाइन जन्मायला तेव्हा अजून काही दशकं होती!

तिचा जन्म नेदरलँड्सचा. डीएसएम कंपनीच्या पॉल स्मिथ आणि पीटर लेमस्ट्रा यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस जेल-स्पिनिंगची पद्धत काढली. पदार्थ कोणता? पॉलिइथिलीन. भाजीची पिशवी असते ना, तेच. फरक एवढाच की रेणूंच्या साखळ्या प्रचंड लांब. पिशवीत त्या बाजारातल्या गर्दीसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. इथे त्या द्रावणात सोडवायच्या, बारीक छिद्रातून काढायच्या आणि ओढून ओढून एका दिशेला लावायच्या. गर्दीची परेड झाली की काय होतं ते मला विचारा. वजनाला वजन धरलं तर हा धागा पोलादाच्या कितीतरी पट मजबूत, आणि पाण्यावर तरंगतो.

याच धाग्याशी माझी पहिली ओळख समुद्रावर झाली नाही. नव्वदच्या दशकात काश्मीरमध्ये आम्ही जी बुलेटप्रूफ जॅकेटं घालायचो ती पोलादी प्लेटांची. चढावर जीव काढायची. पुढे हलक्या प्लेटा आल्या. त्यांत सिरॅमिकच्या मागे जे थर असतात ते हेच पॉलिइथिलीन. गोळी अडवणारा धागा गळाला लावला की काय तुटणार आहे, असं मला निवृत्तीनंतर वाटलं यात नवल नाही.

आता बोटाची गोष्ट. अंदमानात कोरल खडकांच्या कडेला आम्ही पॉपर टाकत होतो. जायंट ट्रिव्हॅली, म्हणजे जीटी, हा तिथला पैलवान. त्याचा जागतिक विक्रम 72.8 किलोंचा आहे, जपानचा. माझ्या रिळावर ऐंशी पौंडांची नवी ब्रेडेड लाइन होती, दुकानातून भरून घेतलेली. दुकानदाराने ती सैल भरली होती आणि मी तपासली नव्हती. चूक अर्थात माझी, शस्त्र तपासल्याशिवाय कोणी बाहेर पडतं का? मासा लागला, दोन धावा नीट गेल्या. तिसऱ्या धावेला वरचे वेढे खालच्या सैल वेढ्यांत रुतले आणि रीळ जाम झालं. ड्रॅग असून नसल्यासारखा. मासा खडकाखाली शिरला. मी काय करावं? मामाचं वाक्य विसरून दोरी बोटाला गुंडाळली, तोडण्यासाठी. होडी लाटेबरोबर मागे सरली आणि दोरी हाडापर्यंत गेली. नायलॉन असतं तर ताणलं असतं, तुटलं असतं. ही ना ताणली ना तुटली. होडीवाल्या पोराने सुरी मारली म्हणून बोट राहिलं. तो पोरगा मला म्हणाला, "साब, यह धागा आदमी के लिए नहीं है."

तर इंदूरकर, लिनन होतं तेव्हा दोरी तुटायची. दोरी सुधारली तसा ताण रिळाच्या चकत्यांवर, गाठीवर, गरीवर आणि शेवटी माणसावर आला. काहीतरी तुटणारच आहे. ते काय असावं हे दुकानात पैसे देताना तुम्ही ठरवायचं.

दोरीवरचे पौंड बघून भुलू नका, जाडी बघा. जपानी डब्यांवर 'पीई' नंबर असतो, तो जाडीचा. पीई 1 म्हणजे 0.165 मिलिमीटर, पीई 8 म्हणजे साधारण 0.47. जीटीसाठी पीई 8 पुरे, तुम्हाला शंभर पौंडांची गरज नाही. ऐंशी पौंडांचं नायलॉन याच्या जवळजवळ दुप्पट जाड असतं, म्हणून ब्रेडेड दोरी रिळावर कितीतरी जास्त मावते. पण ती खडकावर घासली की झटकन जाते, तेव्हा पुढे दीड-दोन वाव जाड नायलॉनचा लीडर हवाच. जोडणीची गाठ आवळण्याआधी ओली करा, कारण हा धागा 145 अंशांच्या आसपास वितळतो. तो बुळबुळीतही आहे. रिळाच्या तळाशी आधी थोडं नायलॉन घाला, नाहीतर सगळी दोरी रिळावरच गोल फिरत बसेल. आणि भरताना ओल्या फडक्यातून घट्ट ओढून भरा, शक्यतो स्वतः.

रिळाचं नाव मी सांगणार नाही. जाहिरातीत 'ड्रॅग 25 किलो' लिहिलेलं असतं. घरी बारा लिटर पाण्याची बादली आठ फुटी काठीच्या टोकाला लावून उचलून बघा, मग पंचविसाचं बोलू. कमाल आकडा महत्त्वाचा नाही. ड्रॅग सुटताना झटका न देता सुटतो का, ते बघा, कारण झटका खायला आता नायलॉन नाही. दुसरं, उष्णता. पंधरा किलोंच्या ड्रॅगवर मासा सेकंदाला पाच मीटर पळाला तर साडेसातशे वॉट तयार होतात, म्हणजे कपड्यांची इस्त्री रिळाच्या पोटात. म्हणून चकत्या मोठ्या आणि कार्बनच्या हव्यात. बजेट कमी असेल तर दोरीत आणि काठीत काटकसर करा, रिळात नको.

मी हल्ली होडीत बसण्याआधी दोरी स्प्रिंगच्या वजनकाट्याला बांधून ओढतो. काटा साडेआठ किलोंवर असताना रीळ सुटलं पाहिजे. वय साठीच्या पुढे आहे, मला तेवढं झेपतं. कमरेला सुरी असते, डाव्या हाताला.