जखमेचे मोल आणि सेवेचे मोल

चिरगाव म्हटले की राष्ट्रकवी मैथिलीशरण गुप्त यांचे जन्मगाव आठवते. झाशीहून कानपूरकडे निघालेल्या रस्त्यावर, झाशीपासून सुमारे अठरा मैलांवर वसलेल्या या गावाला आणखीही एक इतिहास आहे. बुंदेल्यांच्या एका छोट्या जहागिरीचे ते ठाणे होते. १८४१ साली इंग्रजांनी तेथील गढी पाडली आणि जहागीर जप्त केली. पुढे १८८८ च्या सुमारास इंडियन मिडलंड रेल्वेचा झाशी-कानपूर मार्ग या गावावरून गेला, आणि १९०० नंतर तो मुंबईच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या कारभारात आला. अशा रीतीने, बोरीबंदरला ठरलेले नियम चिरगावच्या रुळांवर हातोडा चालवणाऱ्या गँगमनलाही लागू झाले. रुळावर त्याचा हात गेला तर त्याला काय मिळावे, आणि जे मिळेल त्यामुळे त्याच्या म्हातारपणीच्या तरतुदीतून काही वजा व्हावे काय, हा प्रश्न त्या नियमांतूनच उभा राहिला.

चाकरीत जायबंदी झालेल्याची अथवा कामी आलेल्याची काळजी धन्याने वाहावी, ही कल्पना मराठी मुलखाला परकी नव्हती. मराठी राज्याच्या कागदपत्रांत ‘बालपरवेशी’ हा शब्द आढळतो. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना सरकारातून मिळणारी ही नेमणूक होती. झाशीही जवळजवळ शंभर वर्षे मराठ्यांच्या अंमलाखाली होती, तेव्हा त्या प्रदेशालाही ही रीत अनोळखी नसावी. मात्र बालपरवेशी ही धन्याची मेहेरबानी होती. ती मागण्याचा हक्क कोणाला नव्हता.

आगगाडी आली आणि मेहेरबानीही आटली. १८५५ च्या प्राणघातक अपघातांच्या कायद्यान्वये मृताच्या वारसाला दावा लावता येई. पण धन्याची चूक कोर्टात सिद्ध करायची, तीही वकील देऊन, हे गँगमनच्या विधवेला कसे साधावे? ही कोंडी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने फोडली. १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. अपघात कामामुळे व कामाच्या ओघात घडला एवढे दाखवले की पुरे. चूक कोणाची, हा वाद बव्हंशी मिटला. हा कायदा झाला त्या मध्यवर्ती विधिमंडळात १९२१ पासून कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी बसत होते. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावी जन्मलेल्या या भारतसेवकाने पुढे व्हिटली आयोगाचे सदस्य म्हणूनही कामगारांची बाजू मांडली. आयोगाच्या अहवालानंतर, १९३३ च्या दुरुस्तीने भरपाई सुरू होण्यापूर्वीची मुदत दहा दिवसांवरून सात दिवसांवर आली.

कायद्याचे गणित रोखठोक होते. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास बेचाळीस महिन्यांचे वेतन अथवा ३,५०० रुपये, यांतील कमी असेल ती रक्कम; मृत्यू झाल्यास तीस महिन्यांचे वेतन अथवा २,५०० रुपये, त्यांतीलही कमी तीच. अवयवांचे दर परिशिष्टात छापलेले होते. कोपरापासून उजवा हात गेला तर शंभरात सत्तर, डावा गेला तर साठ. एक डोळा तीस, अंगठा पंचवीस. महिना पंधरा रुपये मिळवणाऱ्या माणसाचा उजवा हात, या हिशेबाने, ४४१ रुपयांचा ठरे आणि डावा ३७८ रुपयांचा. हे वाचून अंगावर काटा येतो खरा; पण दर छापला गेल्यामुळेच घासाघीस थांबली, हेही विसरता येत नाही.

म्हातारपणीच्या तरतुदीशी या रकमेचे नाते मात्र इतके सरळ नव्हते. भरपाईसाठी वेतन मोजताना धन्याने निवृत्तिवेतनात किंवा भविष्यनिर्वाह निधीत घातलेला वाटा धरायचा नाही, असे कायदा सांगे. उलट, नवव्या कलमाने भरपाईवर जप्ती आणता येत नसे, की तिच्यातून दुसरे येणे वळते करून घेता येत नसे. म्हणजे वर्षानुवर्षांच्या सेवेचे मोल एका पेटीत, जखमेचे दुसऱ्या. १९५७ पर्यंत बहुसंख्य रेल्वे नोकरांना निवृत्तिवेतन नव्हतेच, निधी व ग्रॅच्युइटी होती. त्यामुळे हात गमावलेल्या गँगमनला दोन्ही पेट्यांतून एकेकदाच पैसे मिळत आणि संपत. १६ नोव्हेंबर १९५७ रोजी रेल्वेत निवृत्तिवेतन आले, १९६४ साली कुटुंब-निवृत्तिवेतन आले, आणि दुसरी पेटी पहिल्यांदाच दरमहा उघडू लागली. (१ जानेवारी २००४ नंतर भरती झालेल्यांसाठी ही व्यवस्था बदलली.)

खरी मेख होती ती निराळ्याच ठिकाणी. केंद्राच्या मुलकी नोकरांसाठी १९३९ चे असाधारण निवृत्तिवेतनाचे नियम होते. कामावर जायबंदी झालेल्यास जखमेपोटीच दरमहा वेतन देणारे हे नियम. पण ज्यांना १९२३ चा कायदा लागू, त्यांना त्यांतून वगळलेले. एका जखमेचे दोनदा दाम नको, हा त्यामागील विचार समजण्याजोगा आहे. परिणाम मात्र असा झाला की, कचेरीतल्या कारकुनाच्या जखमेला दरमहा रक्कम आणि त्याच खात्यात यंत्रावर राबणाऱ्या मजुराच्या जखमेला एकरकमी पैसे! लग्नकार्यात अथवा सावकाराच्या देण्यात ते किती दिवस पुरणार? स्त्रिया व अज्ञान मुले यांची रक्कम आयुक्ताने गुंतवून ठेवावी, अशी सोय कायद्याने केली होती, तीही बहुधा हीच भीती ओळखून. कर्त्या पुरुषाला ती सोय नव्हती.

१९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्याने प्रश्नाला नवे वळण दिले. सेवेत अपंगत्व आलेल्या सरकारी नोकराला काढता येणार नाही, त्याला त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, असे त्याच्या ४७ व्या कलमाने ठरवले. २०१६ च्या कायद्याने हे संरक्षण कायम ठेवले. त्यामुळे रुळावरचा माणूस स्टेशनातल्या हलक्या कामावर जाऊ लागला. पगार तोच, सेवेची वर्षेही चालू. मग पगार घटलाच नाही तर भरपाई कशाची, असा सवाल धन्याला सुचणे स्वाभाविक होते. पण परिशिष्टातील जखमेसाठी कमाईची हानी कायद्यानेच ठरवून ठेवलेली असल्याने, पगार टिकला म्हणून टक्केवारी कमी होत नसे. १९२३ चा तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. अवयवांचे टक्के लावणारे परिशिष्ट मात्र तिच्यातही आहे.