कोरियाची लिपि व राष्ट्रचिन्ह

दक्षिण कोरियाच्या ध्वजावर तांबड्या-निळ्या अर्धांचें एक वर्तुळ असून चारी कोपऱ्यांस तीन-तीन रेषांच्या आकृति आहेत. परस्परविरोधी तत्त्वांचें संतुलन त्यांतून सूचित होतें. परंतु त्या राष्ट्राचें खरें चिन्ह, आमच्या मतें, त्याची लिपि होय. राजा सेजोंग यानें इ. स. १४४६ त ती २८ अक्षरांची लिपि प्रकट केली. तींतील व्यंजनें दाढ, जीभ, ओठ, दांत व कंठ अशा पांच स्थानांनुसार लाविलीं आहेत. कंठ्य-तालव्यादि वर्ग पाठ केलेल्यांस ही योजना परकी वाटणार नाहीं. कारण जिचा आधार घेतला त्या चिनी वर्णविद्येवर बौद्ध पंडितांनीं नेलेल्या संस्कृत वर्णविचाराचा संस्कार होता. व्यंजनांचे आकार मात्र उच्चारकालीं होणाऱ्या जिव्हा, ओष्ठ इत्यादिकांच्या ठेवणीवरून घेतले आहेत.

तरी विद्वज्जन पुढें शतकानुशतकें चिनी अक्षरांसच प्रतिष्ठा देत राहिले. १९१० त जपाननें तो देश गिळंकृत केला व १९३८ पासून शाळांतून कोरियन भाषा मागें सारिली. १९४५ त मुक्तता झाली.

नामदेवांच्या नरसीचा हा हिंगोली प्रांतही १९४८ पर्यंत निजामी अमलाखालीं होता; मराठी घरांत व उर्दू कचेरींत, अशी स्थिति होती. म्हणून दक्षिण कोरियांत ९ ऑक्टोबरला लिपीचा राष्ट्रीय उत्सव होतो, त्याचें मर्म येथील वाचकांस सहज उमगावें.