तिकीट काढणाऱ्याचे मत

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाज नसलेला चित्रपट, ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात प्रदर्शित झाला, तेव्हापासून हौशी प्रेक्षक चित्रपटांविषयी आपापली मते बोलत आला असला, तरी ती लिहून ठेवण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही, आणि ही हानी मोठी आहे. १९२७-२८ मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपटविषयक चौकशी समितीने देशभर साक्षी घेतल्या. साक्षीदारांत जाणकार आणि व्यावसायिकच अधिक होते, पण स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकाला देशी चित्रपट अधिक भावतात, हे त्यांतून स्पष्ट झाले.

पुढे १९३५ मध्ये बाबूराव पटेलांनी मुंबईत ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केले व त्यात वाचकांच्या प्रश्नांना संपादक स्वतः उत्तरे देऊ लागले, त्यामुळे इंग्रजी जाणणाऱ्या प्रेक्षकाला छापील व्यासपीठ लाभले. निरक्षर प्रेक्षकाचा कौल मात्र तिकीटखिडकीवरच नोंदला गेला: प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवातील गौरव त्याला १९३७ मध्ये मिळाला.