टाळ्या चढाईला, सामना पकडीवर: फझल अत्राचलीची कारकीर्द

२३ ऑगस्ट २०१८. जकार्तामध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या पुरुष कबड्डीचा उपांत्य सामना सुरू होता. समोरासमोर होते भारत आणि इराण. १९९० साली बीजिंगमध्ये कबड्डीचा या स्पर्धेत समावेश झाला, तेव्हापासून सातही वेळा सुवर्णपदक भारताने जिंकलं होतं. आठव्यांदाही तेच होणार, असं सगळे धरून चालले होते.

भारत तो सामना १८-२७ असा हरला. पुढे अंतिम फेरीत दक्षिण कोरियाला हरवून इराणने सुवर्ण नेलं आणि भारताला कांस्यपदकावर समाधान मानावं लागलं.

त्या इराणी संघाच्या कर्णधाराला मराठी प्रेक्षक आधीपासून ओळखत होते. तीनच महिन्यांपूर्वी 'यू मुंबा'ने त्याच्यासाठी १ कोटी रुपये मोजले होते. तो चढाईपटू नव्हता. डाव्या कोपऱ्यात उभा राहून समोरच्याच्या घोट्यावर झडप घालणारा बचावपटू होता. त्याचं नाव फझल अत्राचली.

आधी थोडं अमरावतीबद्दल

अमरावती जिल्हा म्हटलं की रिद्धपूर, अंबादेवी, मेळघाट ही नावं पटकन आठवतात. कबड्डीच्या इतिहासातही या जिल्ह्याचं एक पान आहे. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी १९१४ साली अमरावतीत हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली आणि त्यात कबड्डीही होती.

म्हणजे परदेशी प्रेक्षकांना कबड्डी दाखवणाऱ्यांत वऱ्हाडातली मंडळी अगदी सुरुवातीला होती. त्यानंतर ८२ वर्षांनी याच खेळात एका परदेशी संघाने भारताला घरी पाठवलं. मधल्या काळात खेळ किती दूर गेला, हे फझलच्या कारकीर्दीतून नीट समजतं.

कोपरारक्षक नेमकं काय करतो?

कबड्डीत एका संघाचे सात खेळाडू मैदानात असतात. चढाईपटू एकटा येतो, त्याच्याकडे ३० सेकंद असतात आणि समोर सात जण. या सातांच्या साखळीची दोन टोकं म्हणजे डावा आणि उजवा कोपरा. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो तेव्हा त्याच्या सर्वांत जवळ कोपरारक्षकच असतो. घोटा धरायचा, मांडी धरायची की मागून कंबरेला विळखा घालायचा, हे त्याला क्षणात ठरवावं लागतं.

यात हिशोब बचावपटूच्या विरोधात असतो. चढाईपटू एका चढाईत दोन, तीन, कधी त्याहून जास्त गुण घेऊन जातो. पकडीला मात्र एकच गुण. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड केली तरच 'अव्वल पकड' म्हणून दोन गुण मिळतात. उलट पकड फसली तर समोरच्याला गुण मिळतो आणि आपण मैदानाबाहेर जातो. घाई केली की संघाचं दुहेरी नुकसान.

आकडेही हेच सांगतात. चढाईपटू परदीप नरवालच्या नावावर प्रो कबड्डीत १,७०० हून अधिक चढाईचे गुण आहेत. पकडींमध्ये ५०० गुणांचा टप्पा गाठणारा पहिला खेळाडू फझल, आणि तिथे पोहोचायला त्याला जवळपास दहा वर्षं लागली.

अमेरिकन फुटबॉलमध्येही असंच असतं का?

बरंचसं. तिथे चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक पोस्टरवर झळकतो. त्याच्यापर्यंत पोहोचून त्याला चेंडूसकट पाडायचं काम डिफेन्सिव्ह लाइनमनचं. या पाडण्याला 'सॅक' म्हणतात. गंमत म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगने, म्हणजे एनएफएलने, सॅकची अधिकृत नोंद ठेवायला १९८२ मध्ये सुरुवात केली. त्याआधी खेळून गेलेल्यांचं मुख्य कामच अधिकृत आकड्यांत नाही. ब्रूस स्मिथ या लाइनमनच्या नावावर कारकीर्दीत २०० सॅक आहेत आणि तोच तिथला विक्रम आहे.

दोन्ही खेळांत बचावपटूची किंमत लोकांना उशिरा कळली. कबड्डीत ती कळायला प्रो कबड्डीची मदत झाली. पकडींचे गुण वेगळे मोजले जाऊ लागले, एका सामन्यात पाच पकड-गुण घेतले की त्याला 'हाय फाइव्ह' हे नाव मिळालं आणि टीव्हीवर पकड पुन्हा पुन्हा दाखवली जाऊ लागली.

फझल आला कुठून?

फझलचा जन्म १९९२ चा. इराणच्या उत्तरेकडच्या गोलेस्तान प्रांतातला तो. लहानपणी तो कुस्ती खेळायचा आणि ती त्याच्या पकडीत आजही दिसते. इराणमध्ये 'झू' नावाचा कबड्डीशी मिळताजुळता पारंपरिक खेळ आहे, त्यामुळे कबड्डी तिथल्या मातीला अगदीच परकी नव्हती.

२०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण अंतिम फेरीत भिडले. भारत २७-२५ असा जेमतेम जिंकला. त्याच वर्षी जुलैमध्ये प्रो कबड्डी सुरू झाली होती आणि भारतीय संघमालकांची नजर इराणी खेळाडूंवर गेली.

मुंबई, पाटणा, गुजरात, पुन्हा मुंबई

२०१५ च्या दुसऱ्या हंगामात फझल यू मुंबाकडून खेळला. त्या वर्षी मुंबईने बेंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवून विजेतेपद मिळवलं. पुढच्या हंगामात मुंबई पुन्हा अंतिम फेरीत गेली, पण पाटणा पायरेट्सकडून २८-३१ अशी हरली.

चौथ्या हंगामात फझल त्याच पाटण्याकडे गेला. पाटणा विजेता ठरला आणि फझल स्पर्धेतला सर्वोत्तम बचावपटू. पाचव्या हंगामात तो गुजरातकडे होता. गुजरात अंतिम फेरीत पोहोचला, समोर पुन्हा पाटणा, आणि या वेळी पराभव.

२०१८ च्या लिलावात यू मुंबाने त्याला १ कोटीला परत आणलं. प्रो कबड्डीच्या लिलावात कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू. त्याच लिलावात चढाईपटू मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख मिळाले, पण कोटीचं दार आधी उघडलं ते बचावपटूने. मुंबईने त्याला कर्णधारही केलं. २०१९ च्या सातव्या हंगामात तो ८२ पकड-गुणांसह पुन्हा सर्वोत्तम बचावपटू ठरला. 'सुलतान' हे टोपणनाव तोवर सगळीकडे झालं होतं.

जकार्ताची दुसरी बाजू

जकार्तात पुरुषांच्या पराभवाच्या दुसऱ्या दिवशी भारताच्या महिलाही अंतिम फेरीत इराणकडूनच हरल्या, २४-२७ असा. इराणच्या त्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. फझलसारखे इराणी खेळाडू भारतात येऊन भारतीय चढाईपटूंच्या सवयी शिकले, आणि महाराष्ट्रातल्या एका प्रशिक्षकाने इराणमध्ये जाऊन संघ घडवला. इराणने फक्त ताकदीवर सुवर्ण जिंकलं, असं म्हणणं त्यामुळे अपुरं ठरतं.

पाच वर्षांनी हांगझोऊमध्ये हिशोब चुकता झाला. अंतिम सामना २८-२८ असा बरोबरीत असताना पवन सेहरावतच्या एका चढाईवरून वाद पेटला. चढाईपटू आणि बचावपटू राखीव क्षेत्रात गेले तर गुण कुणाला, हा मुद्दा होता. सामना बराच वेळ थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला आणि फझलच्या इराणला रौप्य मिळालं.

पुणे आणि हुकलेली वेळ

२०२२ मध्ये पुणेरी पलटणने फझलसाठी १ कोटी ३८ लाख मोजले आणि कर्णधारपद दिलं. याच हंगामात मनजीत छिल्लरला मागे टाकून तो पकड-गुणांत सर्वांत पुढे गेला. पलटण पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचली, पण मुंबईत जयपूरने त्यांना ३३-२९ असं हरवलं.

पुढच्या वर्षी गुजरातने त्याला १ कोटी ६० लाखांना घेतलं. पुण्याने २ कोटी ३५ लाख मोजून दुसरा इराणी घेतला, मोहम्मदरेझा शादलुई. त्याच हंगामात, मार्च २०२४ मध्ये, पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून आपलं पहिलं विजेतेपद पटकावलं. ज्या संघाला फझलने अंतिम फेरीपर्यंत नेलं, त्याने करंडक उचलला तेव्हा फझल दुसऱ्या जर्सीत होता.

वय आणि बाजारभाव

२०२४ च्या लिलावात बंगालने त्याला ५० लाखांना घेतलं. वर्षभरात किंमत एक तृतीयांशाहून खाली आली. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. बचावपटूचे गुडघे, खांदे आणि बोटं प्रत्येक पकडीत पणाला लागतात. अंगावर धावून येणाऱ्या माणसाला थांबवायचं तर धक्का स्वतःच्या शरीरावर घ्यावा लागतो. त्यामुळे तिशी ओलांडली की संघमालक हात आखडता घेतात.

पण अनुभवाचा उपयोगही याच जागेवर सर्वांत जास्त होतो. कधी झडप घालायची नाही, हे वय शिकवतं. २०२५ च्या बाराव्या हंगामात फझल दबंग दिल्लीकडून खेळला. अंतिम सामन्यात दिल्लीसमोर होती त्याची जुनी पुणेरी पलटण. दिल्लीने ३१-२८ असा विजय मिळवला.

पहिलं विजेतेपद २०१५ मध्ये मुंबईत, मग पाटणा, आणि दहा वर्षांनी दिल्ली. एवढा काळ चढाईपटू येत राहिले, भाव बदलत राहिले, संघ बदलत राहिले. फझलची जागा मात्र तीच राहिली, डावा कोपरा.