डुप्लिकेट स्कॅनरची जन्मकथा आणि आपल्या गावचं गॅरेज

आज राजकारण नाही, गॅरेजवर लिहितोय. पोस्ट थोडी मोठी आहे, पण गाडी असणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाशी संबंध आहे.

'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागला की आपण गावातल्या मेस्त्रीकडे जातो. तो स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये एक छोटी डबी खोचतो आणि मोबाईलवर कोड वाचतो. ही डबी बहुतेक वेळा डुप्लिकेट असते. शोरूमवाले त्यावरून हसतात. पण ती आली कुठून, हे कुणी सांगत नाही.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. लॉस एंजेलिसची हवा गाड्यांच्या धुरानं खराब झाली होती. तिथल्या हवा मंडळानं १९८८ च्या मॉडेलपासून कंपन्यांना सांगितलं की, धूर आटोक्यात ठेवणारी यंत्रणा बिघडली तर गाडीनं स्वतःच ते कळवलं पाहिजे. पण प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, कोड वेगळे. म्हणून १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या कार्सना एकच सॉकेट आणि धुराशी संबंधित एकसारखे कोड सक्तीचे झाले. यालाच ओबीडी-२ म्हणतात. आपल्याकडे बीएस-४ सोबत २०१० मध्ये ओबीडीची पहिली पायरी आली, २०१३ मध्ये दुसरी. २०२० ला बीएस-६ आलं आणि मोटारसायकलीही यात आल्या.

म्हणजे हे सॉकेट कंपन्यांनी हौसेनं दिलेलं नाही. लोकांच्या फुप्फुसांसाठी ते कायद्यानं उघडून घेतलंय. पण उघडलं अर्धंच. 'पी-०' नं सुरू होणारे कोड सगळ्या कंपन्यांना सारखे, 'पी-१' नं सुरू होणारे ज्याचे त्याचे. एबीएस, एअरबॅग, चावीचं प्रोग्रॅमिंग हे तर कंपनीच्या कुलपातच राहिलं.

आता डबीकडे येऊ. गाड्या आतून वेगवेगळ्या भाषा बोलायच्या. कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीनं त्यांच्यासाठी एक दुभाषी चिप केली, ईएलएम ३२७. तिच्या पहिल्या आवृत्तीतला प्रोग्रॅम कॉपीपासून लॉक केलेला नव्हता. नक्कल करणाऱ्यांनी तो वाचून घेतला आणि चीनमधून स्वस्त डब्यांचा पूर आला. गंमत बघा, यातल्या कित्येक डब्या स्वतःला 'आवृत्ती १.५' म्हणवतात, आणि मूळ कंपनीनं १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नाही! ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. तिच्या नावाच्या डुप्लिकेट डब्या मात्र आजही विकल्या जातायत. दुसऱ्याच्या मेहनतीची ही चोरीच आहे, ते झाकायचं कारण नाही.

डुप्लिकेटमध्येही प्रत असते. काहींमध्ये अर्ध्या आज्ञा चालतच नाहीत. 'पेट्रोल वाचवा' म्हणून विकलेल्या काही डब्या उघडल्या तर आत नुसते लुकलुकणारे दिवे निघाले. म्हणून जाणकार फिटर आधी डबी उघडून चिप बघतो.

आणि सुधारणाही करतो. फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत दोन वेगळ्या वायर-लाइनी असतात. इंजिनाची पिन ६ आणि १४ वर, बॉडीच्या इलेक्ट्रॉनिक्सची ३ आणि ११ वर. साधी डबी पहिलीच वाचते. मग जगभरच्या हौशी लोकांनी डबीत एक साधा स्विच सोल्डर करून दुसरी लाइनही वाचायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनं भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांच्या गावाजवळ सर्व्हिस सेंटर नाही, त्यांना अशा जुगाडाची किंमत विचारा.

यावर कुणी म्हणेल, 'ओरिजिनल मशीन का घेत नाहीत?' घेतील, पण कंपन्यांनी बाहेरच्या गॅरेजला द्यायला तर हवं! २०११ मध्ये एका ग्राहकानं याचीच तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे नेली. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगानं १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजनाही मिळाली पाहिजेत, असं बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये लोकांनी थेट मतदान करून दुरुस्तीच्या हक्काचा कायदा आणला. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

माझं म्हणणं एवढंच की, दार बंद ठेवलं की खिडकीतून येणारे वाढतात. वाजवी भावात अधिकृत साधन आणि माहिती मिळाली, तर गावातला फिटर डुप्लिकेट डबी कशाला बाळगेल? आणि मेस्त्री मंडळींनाही एक विनंती. बिघाड तसाच ठेवून नुसता दिवा घालवून देऊ नका. हे सॉकेट ज्या हवेसाठी आलं, तीच हवा आपली पोरं घेतायत.

पुढच्या वेळी आमदार-खासदार भेटले तर रस्त्यासोबत हाही प्रश्न विचारा. आणि तुमच्या गावातल्या गॅरेजचा अनुभव कमेंटमध्ये जरूर लिहा.