व्यवसाय-व्यवस्थापन आज्ञावलीचे पुनर्मूल्यमापन

खरेदी, विक्री, साठा, उत्पादन, वेतन व हिशेब यांच्या नोंदी ठेवून व्यवसायसंस्थेच्या नियंत्रणास साहाय्य करणाऱ्या संगणकीय आज्ञावल्यांची, संस्थेचा आकार, कार्यपद्धती किंवा तिला लागू असलेले कायदे बदलल्यानंतर करावी लागणारी फेरतपासणी. अशा आज्ञावलीस व्यवहारात ‘सॉफ्टवेअर’ हाच शब्द रूढ आहे. कोणतीही व्यवस्थापन आज्ञावली ही ती स्वीकारली त्या दिवशीच्या संस्थेचे चित्र असते. मालाचे वर्गीकरण कसे करावयाचे, खर्चास मंजुरी कोणी द्यावयाची, साठ्याचे मूल्य कोणत्या किमतीने धरावयाचे, या प्रश्नांची त्या दिवसाची उत्तरे तीत पक्की झालेली असतात. संस्था वाढली की प्रश्न पुन्हा उपस्थित होतात. उत्तरे मात्र जुनीच राहतात. हे अंतर ओळखणे व ते केव्हा, कसे भरून काढावयाचे ते ठरविणे, हा पुनर्मूल्यमापनाचा गाभा होय. त्यामुळे ते वरकरणी तांत्रिक वाटले, तरी मूलतः व्यवस्थापनाचे काम ठरते.

पूर्वपीठिका : हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेचा विस्तार झाला, तेव्हा दर मैलामागील तिचा खर्च लहान रेल्वेमार्गांपेक्षा अधिक येऊ लागला. १८५४ मध्ये तिचे सरव्यवस्थापन हाती घेतलेल्या डॅन्येल मॅकॅलम यांनी त्याचे कारण दाखवून दिले. पन्नास मैलांच्या मार्गावरील प्रत्येक माणूस व प्रत्येक काम अधीक्षकाच्या प्रत्यक्ष परिचयाचे असते. पाचशे मैलांच्या मार्गावर तसे असणे अशक्य असते. लहान मार्गावर जी व्यवस्था पुरेशी होती, तीच मोठ्या मार्गावर अपुरी पडत होती. यावर उपाय म्हणून मॅकॅलम यांनी जबाबदारीच्या निश्चित वाटण्या, तारायंत्राने येणारी दैनंदिन प्रतिवृत्ते आणि संस्थेच्या अंतर्गत रचनेचा आलेख यांची योजना केली. आकारमान वाढले की केवळ अधिक माणसे नेमून भागत नाही, तर नोंदीची रीतच बदलावी लागते, हे तत्त्व येथे स्पष्टपणे मांडले गेले.

लायन्स कंपनीचा प्रयोग : व्यवसायासाठी संगणक वापरण्याचा पहिला मोठा प्रयोग एका चहा व खाद्यपदार्थांच्या कंपनीने केला. लंडनच्या जे. लायन्स अँड कंपनीची उपाहारगृहे, बेकऱ्या व चहाचा व्यापार यांचा व्याप प्रचंड होता. परंतु दर व्यवहारातील नफा अल्प असे. त्यामुळे कारकुनी खर्चातील थोडी बचतही तिला महत्त्वाची वाटे. १९२३ मध्ये कंपनीत आलेले गणितज्ञ जॉन सिमन्स यांनी कार्यालयीन पद्धतींच्या संशोधनासाठी स्वतंत्र विभाग उभा केला होता. १९४७ मध्ये कंपनीचे दोन अधिकारी, रेमंड टॉमसन व ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड, अमेरिकेतील कार्यालयीन पद्धती पाहण्यासाठी गेले व संगणकाची कल्पना घेऊन परतले. कंपनीने केंब्रिज विद्यापीठाच्या एडसॅक या संगणकास आर्थिक साहाय्य दिले आणि त्याच धर्तीवर स्वतःचा ‘लिओ’ हा संगणक बांधला. जॉन पिंकर्टन हे त्याचे प्रमुख अभियंते होते. सु. ६,००० निर्वात नलिका असलेल्या या यंत्रावर नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकऱ्यांतील मालाच्या मूल्यांकनाचे नियमित काम सुरू झाले.

इतिहासाच्या दृष्टीने यंत्राइतकीच त्यामागील पद्धतही महत्त्वाची आहे. डेव्हिड कॅमिनर व त्यांचे सहकारी कोणतेही काम संगणकावर चढविण्यापूर्वी ते काम मुळात कशासाठी केले जाते, याची छाननी करीत. उपाहारगृहांच्या मागणीचे काम हे याचे चांगले उदाहरण आहे. शेकडो पदार्थांची मागणी रोज नव्याने लिहून घेण्याऐवजी प्रत्येक उपाहारगृहाची ठराविक मागणी संगणकात ठेवण्यात आली आणि व्यवस्थापिकांनी फक्त तीत करावयाचे फेरफार दूरध्वनीने कळवावयाचे, असे ठरले. जुनी रीत जशीच्या तशी यंत्रावर घातली असती, तर ही बचत झाली नसती. वेतनाचे काम १९५४ च्या आरंभी संगणकाकडे सोपविले गेले, तेही काही काळ जुनी व नवी पद्धत समांतर चालवून उत्तरे जुळल्यानंतरच. एका कामगाराच्या वेतनाच्या आकडेमोडीस अनुभवी कारकुनास सु. ८ मिनिटे लागत. लिओला दीड सेकंद पुरे.

लायन्सच्या इतिहासात एक इशाराही आहे. उत्तम व्यवस्था हाती असूनही कंपनीचा पुढील विस्तार तिला पेलला नाही. १९६३ मध्ये तिचा संगणक-व्यवसाय इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या संगणक-विभागात विलीन झाला आणि १९७८ मध्ये खुद्द लायन्स कंपनी अलाइड ब्रूअरीजकडे गेली. चांगली आज्ञावली संस्थेची स्थिती अचूक दाखवू शकते. कोणता विस्तार करावा, हे ती ठरवीत नाही.

तयार आज्ञावलींचा उदय : आरंभी प्रत्येक संस्था आपली आज्ञावली स्वतः तयार करी किंवा यंत्राबरोबर मिळेल ती वापरी. १९६९ मध्ये आयबीएम कंपनीने आज्ञावलींची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचे जाहीर केले आणि आज्ञावली हा स्वतंत्र विक्रेय माल झाला. कारखानदारीत जोसेफ ऑर्लिकी यांनी पुरस्कारिलेली सामग्री-गरज-नियोजनाची पद्धत प्रसृत झाली; त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९७५ मध्ये निघाला. तयार वस्तूच्या मागणीवरून प्रत्येक सुट्या भागाची गरज व वेळ काढणे, हे या पद्धतीचे सूत्र होय. पश्चिम जर्मनीत १९७२ मध्ये आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी सॅप ही कंपनी स्थापन केली. आयसीआय कंपनीचा ऑस्ट्रिंगेन येथील नायलॉनचा कारखाना हा तिचा पहिला ग्राहक होता. हिशेब, साठा व उत्पादन यांच्या नोंदी एकाच ठिकाणी व तत्काळ व्हाव्यात, ही तिची मूळ कल्पना होती. १९९० मध्ये गार्टनर या संशोधन-संस्थेने अशा एकात्मिक आज्ञावल्यांना ‘उद्योग-साधनसंपत्ती-नियोजन’ या अर्थाचे नाव दिले. त्याचे ‘ईआरपी’ हे संक्षिप्त रूप सर्वत्र रूढ झाले.

तयार आज्ञावलीमुळे पुनर्मूल्यमापनाचे स्वरूप बदलले. पूर्वी संस्थेचे चित्र तिच्याच माणसांनी काढलेले असे; आता ते अनेक संस्थांच्या अनुभवावरून दुसऱ्याने काढलेले असते. त्यामुळे आज्ञावली संस्थेप्रमाणे बदलावयाची की संस्थेने आपली रीत आज्ञावलीप्रमाणे बदलावयाची, असा नवा प्रश्न निर्माण झाला.

दोन उदाहरणे : अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट-कंपनीने १९९६ मध्ये आपल्या जुन्या आज्ञावल्या बदलण्याचे ठरविले. इ. स. २००० च्या तारखांचा प्रश्न समोर असल्याने अनेक वर्षांचे काम अडीच वर्षांत उरकण्याचे योजण्यात आले. सु. ११.२ कोटी डॉलर खर्चाची नवी व्यवस्था जुलै १९९९ मध्ये, म्हणजे हॅलोवीन सणाच्या मागण्या येऊ लागण्याच्या सुमारास, एकदम सुरू केली गेली. गोदामांत माल असूनही मागण्या वेळेवर पुरविता येईनात. सु. १० कोटी डॉलरच्या मागण्या अडकल्या आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घटला. पुढे २००२ मध्ये याच कंपनीने त्याच आज्ञावलीची नवी आवृत्ती पुरेशा चाचण्या घेऊन सुरळीतपणे बसविली. यावरून पहिल्या वेळी दोष केवळ आज्ञावलीचा नव्हता, तर घाई व वेळेची निवड यांचाही होता, असे दिसते.

जर्मनीतील लिडल या किराणा-विक्री कंपनीचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. २०११ मध्ये तिने सॅपच्या आज्ञावलीवर आधारित नवी व्यवस्था उभारण्यास आरंभ केला आणि २०१८ मध्ये, वृत्तांतांनुसार सु. ५० कोटी यूरो खर्च झाल्यावर, ती सोडून दिली. लिडल साठ्याचे मूल्य खरेदीच्या किमतीने धरीत असे, तर आज्ञावलीच्या मूळ रचनेत विक्रीची किंमत गृहीत होती. कंपनीने आपली रीत न बदलता आज्ञावलीतच फेरफार करविले व ते वाढत गेले. वरवर क्षुल्लक दिसणारा हा भेद साठा, नफा व खरेदी यांच्या प्रत्येक हिशेबात शिरतो. आपली रीत ही आपल्या यशाचे कारण आहे की केवळ जुनी सवय, याचा निर्णय खर्चापूर्वी होणे किती आवश्यक असते, हे यावरून लक्षात येते.

भारतातील परिस्थिती : भारतात संगणकीकरणाचा विचार दीर्घकाळ रोजगाराच्या प्रश्नाशी निगडित होता. केंद्र शासनाने स्वयंचलनाच्या परिणामांचा विचार करण्यासाठी पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचे प्रतिवृत्त १९७२ मध्ये सादर झाले. लहान व मध्यम व्यापाऱ्यांपर्यंत संगणकीय हिशेब पोहोचले ते स्वस्त व्यक्तिगत संगणक आल्यानंतर. कापडगिरण्या व कारखाने यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरविणारे श्याम सुंदर गोएंका यांना आपल्या हिशेबास योग्य अशी आज्ञावली मिळेना, म्हणून त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी ती तयार केली. त्यांतून १९८६ मध्ये बंगलोर येथे प्यूट्रॉनिक्स ही कंपनी निघाली. तिची ‘टॅली’ ही आज्ञावली पुढे भारतीय पेढ्यांत सर्वतोमुखी झाली. खात्यांना सांकेतिक क्रमांक न देता व्यापाऱ्याला परिचित अशा नावांनीच ती ठेवण्याची सोय, हे तिच्या लोकप्रियतेचे एक कारण होते.

अलीकडे भारतात पुनर्मूल्यमापनाची वेळ पुष्कळदा कायद्याने आणलेली आढळते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. या कराखाली प्रत्येक राज्यातील नोंदणी स्वतंत्र असते. कोल्हापूरच्या एखाद्या पेढीने बेळगावात शाखा काढली, तर स्वतःच्याच शाखेस पाठविलेला माल करपात्र पुरवठा ठरतो व त्याचे बीजक करावे लागते. एकाच गावातील दुकानासाठी घेतलेल्या आज्ञावलीत ही सोय नसेल, तर पहिल्याच महिन्यात अडचण उभी राहते. इलेक्ट्रॉनिक बीजकाची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या संस्थांपासून सुरू झाली व टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढालीस लागू झाली. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या आज्ञावलीत प्रत्येक फेरफाराचा माग राहणे व तो बंद करता न येणे बंधनकारक आहे. अशा रीतीने उलाढालीचा आकडा ओलांडताच कालपर्यंत पुरेशी असलेली आज्ञावली अपुरी ठरू शकते.

लक्षणे व पद्धती : आज्ञावली अपुरी पडू लागल्याची लक्षणे बहुधा यंत्रात न दिसता माणसांच्या कामात दिसतात. कर्मचारी आज्ञावलीबाहेर स्वतःच्या वह्या किंवा तक्ते ठेवू लागतात. तोच मजकूर दोन ठिकाणी भरावा लागतो. महिनाअखेरचा ताळमेळ लांबत जातो. एखादे काम एकाच जुन्या कर्मचाऱ्यास जमते व तो रजेवर गेला की अडून राहते. अशी प्रत्येक खाजगी वही ही संस्था व तिचे आज्ञावलीतील चित्र यांमधील अंतराची नोंदच असते. तिला बेशिस्त समजून ती बंद करण्याऐवजी ती का निर्माण झाली, याचा शोध घेणे हा तपासणीचा सर्वांत विश्वसनीय आरंभ होय.

त्यानंतर कोणत्या रीती टिकवावयाच्या व कोणत्या सोडावयाच्या, याचा निर्णय संस्थेच्या चालकांनी करावयाचा असतो. तो आज्ञावली विकणाऱ्यावर सोपविता येत नाही. जुन्या नोंदींची शुद्धी, मंदीच्या हंगामात बदल, काही काळ दोन्ही पद्धतींचे समांतर चालन आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे शिक्षण, ही पथ्ये लिओच्या काळापासून सिद्ध झाली आहेत. आहे ती आज्ञावली पुरेशी आहे, असा निष्कर्षही फेरतपासणीतून निघू शकतो आणि तोही तितकाच उपयुक्त असतो. बदल टाळण्याची किंमत हळूहळू, तर चुकीच्या बदलाची एकाएकी द्यावी लागते. या दोहोंचा भार अखेरीस मागणी अडकलेल्या ग्राहकावर व रात्री उशिरापर्यंत आकडे जुळवीत बसणाऱ्या कर्मचाऱ्यावर पडतो. म्हणून मोठ्या विस्तारापूर्वी, नव्या शाखेपूर्वी वा विलीनीकरणापूर्वी ही तपासणी करणे, हे अडचण उद्‌भवल्यावर ती करण्यापेक्षा अधिक श्रेयस्कर ठरते.